रोड बाईकचं ट्यूनिंग: घरी करावं की दुकानात द्यावं?

पहाटफेरी

नमस्कार मंडळी. माझी रोड बाईक अडीच वर्षांची आहे. ११ स्पीड (म्हणजे मागे ११ कॉग, दातेरी चकत्या), रिम ब्रेक, गिअर वायरवर चालणारे, आणि वायर हँडलच्या टेपखालून जाते. आठवड्याला साधारण दीडशे किलोमीटर चालवते.

तीन आठवड्यांपूर्वी दुकानात पूर्ण सर्व्हिसिंग करून घेतलं. गाडी आली तेव्हा गिअर लोण्यासारखे पडत होते. दोन-तीन राईडनंतर मागचा गिअर लहान कॉगवरून मोठ्यावर चढताना अडखळायला लागला. लिव्हर टिच वाजते, पण चेन जागची हलत नाही, आणि दोन सेकंदांनी एकदम उडी मारते. डिरेलरवरचा (चेन एका कॉगवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागावरचा) बॅरल अ‍ॅडजस्टर, म्हणजे वायरीचा ताण बदलणारी फिरकी, अर्धा फेरा फिरवला की ठीक होतं. पुन्हा दोन राईड झाल्या की तेच. असं चारदा झालंय.

परत दुकानात द्यायची तर हंगामामुळे आठवडाभर गाडी तिथेच राहणार. म्हणून मनापासून विचारते, हे सगळं घरी शिकून घ्यावं का? शिकायचं तर सुरुवात कुठून करू? आणि कशाला हात लावू नये? माझ्याकडे अ‍ॅलन कीचा संच, पाय असलेला पंप आणि फडकी एवढंच आहे.

तेलकट फडकं

शिकाच. मी पंधरा वर्षं माझ्या आणि घरातल्या सगळ्या सायकली घरीच बघतो. तरी काही कामं आजही दुकानात नेतो, आणि त्याची लाज वाटत नाही.

कुठलं काम घरी करायचं हे ठरवताना मी ते सोपं आहे की अवघड हे बघत नाही. मी बघतो ते इतकंच की चूक झाली तर ती कळणार कुठे. गिअरची वायर चुकीची ताणली तर स्टँडवर पेडल फिरवतानाच खडखड ऐकू येते. कोणाला इजा होत नाही, पुन्हा फिरवायचं. हँडल धरणाऱ्या स्टेमचे बोल्ट चुकले तर ते उतारावर ब्रेक दाबल्यावर कळतं. दोन्ही कामांना लागते ती अ‍ॅलन कीच, पण पहिलं काम पहिल्या दिवशी करा आणि दुसरं हातात टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच बोल्ट आवळायचा पाना) आल्यावर करा.

सुरुवात चेनपासून. तेलाआधी मोजमाप. स्टीलची इंचांची पट्टी घ्या, पेडलवर हलका दाब देऊन चेन ताठ ठेवा आणि एका पिनेच्या मध्यावर शून्य धरा. एक आतली आणि एक बाहेरची कडी मिळून १ इंच होतो, म्हणजे अशा १२ जोड्यांनंतरची पिन बरोबर १२ इंचांवर, ३०४.८ मिलिमीटरवर यायला हवी. पिन दीड मिलिमीटर पुढे गेली असेल तर चेन अर्धा टक्का लांबली. ११ स्पीडला तिथेच चेन बदलायची. तशीच चालवली तर ती कॅसेटचे (मागच्या सगळ्या कॉगच्या संचाचे) दाते आपल्या मापाने झिजवते, आणि मग नवी चेन त्या कॅसेटवर घसरते. एक चेन वेळेवर बदलली की कॅसेट वाचते.

पट्टी लावा आणि आकडा इथे लिहा.

जुनी चेन

मी दुसऱ्या बाजूने बोलतो. मी चाळीस वर्षं सायकल चालवतोय आणि आता सगळं दुकानातच देतो.

फ्रेमच्या खालच्या नळीवर लिव्हर असायची त्या काळात मी शिकलो. टप्पे नव्हते. लिव्हर थोडी ओढायची, कानाने जागा शोधायची. मागे पाच-सहा कॉग, त्यांच्यात ऐसपैस अंतर. शिमानोने १९८४ मध्ये ड्युरा-एसवर टिच-टिच पडणारे गिअर आणले तेव्हापासून जागा शोधायचं काम हाताकडून वायरीकडे गेलं. ११ स्पीडच्या कॅसेटवर एका कॉगच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत जेमतेम पावणेचार मिलिमीटर असतात. त्यात पाव मिलिमीटरचा फरक पडला तरी चेन कुरकुरते. ही घरगुती अंदाजाची कामं राहिलेली नाहीत.

दुसरं कारण अनुभवाचं आहे. माझ्या गाडीत चढावर जोर लावला की कट-कट यायचं. पेडलच्या तालावर यायचं म्हणून मी बीबी (पेडलच्या दांड्यांचा मधला आस ज्यात फिरतो ते बेअरिंग) खोलली, ग्रीस लावलं, पुन्हा बसवली. दोन महिने हेच. शेवटी दुकानात नेली. तिथल्या मुलाने उभं राहून पेडल मारायला सांगितलं. आवाज थांबला. बसून मारायला सांगितलं, आवाज आला. त्याने सीटपोस्ट काढून पुसली, पेस्ट लावली, बसवली. दहा मिनिटांत काम झालं. रोज वीस सायकली हाताखालून जाणाऱ्या माणसाला जे ऐकू येतं ते आपल्याला येत नाही.

पहाटफेरी

पट्टी लावली. पिन ३०५ च्या किंचित पुढे आहे. म्हणजे चेन चांगली आहे ना? मग गिअर का बिघडतोय?

आज पुन्हा अडखळला. इंटरनेटवर बघून डिरेलरवरचे ते दोन छोटे स्क्रू थोडे फिरवून बघू का?

बाकड्यामागे

थांबा, ते दोन स्क्रू फिरवू नका.

मी नऊ वर्षं सायकलच्या दुकानात दुरुस्तीच्या बाकड्यावर काम केलं. घरी प्रयत्न करून मग दुकानात आलेल्या गाड्यांमध्ये सगळ्यांत जास्त वेळा हेच दिसायचं. बिघाड वायरीत, आणि फिरवलेले लिमिट स्क्रू. त्या स्क्रूंचा रोजच्या गिअर बदलण्याशी संबंध नाही. डिरेलरला दोन्ही टोकांना कुंपण घालणं एवढंच त्यांचं काम. एचचा स्क्रू चेनला सगळ्यांत लहान कॉगच्या पलीकडे फ्रेमच्या बाजूला पडू देत नाही. एलचा स्क्रू तिला सगळ्यांत मोठ्या कॉगवरून स्पोकमध्ये जाऊ देत नाही. एल जास्त उघडा राहिला आणि चढावर जोर लावताना चेन स्पोकमध्ये गेली तर डिरेलर, तो ज्यावर लटकतो तो हँगर, स्पोक सगळं एका क्षणात जातं. एकदा नीट बसवलेले हे स्क्रू आपोआप सरकत नाहीत. गाडी आधी नीट चालत होती, मध्ये पडली नाही, चाक बदललं नाही, तर त्यांचा दोष नाही.

आता तुमच्या गाडीकडे येतो. मोठ्या कॉगवर चढायला वेळ लागतो म्हणजे वायर पुरेशी ओढली जात नाही. अ‍ॅडजस्टर उघडला की ताण वाढतो आणि गाडी सुधारते. इथपर्यंत साधं आहे. पण चारदा? नवी वायर आणि आउटर (वायरीवरची नळी) टाकल्यावर टोकं आपापल्या जागी दबून बसतात, म्हणून पहिल्या काही राईडनंतर एकदा ताण घ्यावा लागतो. एकदाच. पुन्हा पुन्हा ताण उतरत असेल तर कुठेतरी वायर सुटते आहे किंवा तुटते आहे.

दोन गोष्टी सांगा. सर्व्हिसिंगमध्ये गिअरची आतली वायर बदलली होती का? आणि डिरेलरपाशी वायर जिथे बोल्टखाली दाबली आहे, तिथून ती सरकल्याची खूण दिसते का?

पहाटफेरी

पावतीवर धुणं, ग्रीसिंग, चाकं सरळ करणं, गिअर आणि ब्रेक अ‍ॅडजस्ट करणं एवढंच आहे. वायर बदलल्याचं लिहिलेलं नाही, म्हणजे ती अडीच वर्षांचीच असणार. बोल्टपाशी बघितलं, दाबल्याची जुनी खूण आहे तिथेच वायर आहे. सरकलेली नाही.

बाकड्यामागे

मग लिव्हरच्या आत बघा. माझा संशय तिथेच आहे.

गिअर सगळ्यांत लहान कॉगवर आणा. उजव्या लिव्हरवरचं रबरी हूड पुढून-मागून हळू गुंडाळा, फाडू नका. वायरीचं डोकं जिथे बसतं ते छोटं भोक दिसेल. टॉर्च लावून डोक्यालगतची वायर बघा. टेपखालून वायर जाणाऱ्या लिव्हरमध्ये ती आत एका लहान चाकाभोवती घट्ट वळते. प्रत्येक गिअरला त्याच जागी वाकते, सरळ होते. वायर म्हणजे बारीक तारांचा पीळ, आणि त्याच जागी एकेक तार तुटायला लागते. तार तुटली की उरलेल्यांवर ताण येतो, वायर किंचित लांबते, गिअर बिघडतो. आपण अ‍ॅडजस्टर फिरवतो. मग पुढची तार तुटते.

तोपर्यंत लांब जाऊ नका. वायर पूर्ण तुटली तर चेन सगळ्यांत लहान कॉगवर जाऊन तिथेच राहते आणि घरापर्यंतचा प्रत्येक चढ त्याच गिअरवर काढावा लागतो.

तेलकट फडकं

बाकड्यामागे यांनी नेमकी जागा सांगितली. जुनी चेन यांच्या सीटपोस्टच्या गोष्टीशीही मी सहमत आहे, आवाज शोधण्यात दुकानातल्या माणसाचा कान कामी येतो. पण इथे उलटं झालंय बघा. दुकानात गाडी अर्धा तास स्टँडवर फिरली, गिअर नीट पडले, परत दिली. दर दोन राईडनंतर ताण उतरतोय ही माहिती दुकानाकडे नव्हतीच. ती फक्त रोज चालवणारीकडे होती. म्हणून मला वाटतं की निदान करायला तरी प्रत्येकाने शिकावं. दुरुस्ती मग कोणीही करो.

चढणवेडा

धागा छान चाललाय. थोडं बाजूचं विचारतो. माझी गाडी डिस्क ब्रेकची आहे, हायड्रॉलिक, आणि हँडल कार्बनचं आहे. ब्रेकची लिव्हर मऊ झालीय, पूर्वीपेक्षा जास्त आत जाते. ब्लीडिंगचं (ब्रेकच्या तेलातली हवा काढायचं) किट मागवू का? आणि हँडल थोडं वर फिरवायचंय. ते स्वतः केलं तर चालेल ना?

तेलकट फडकं

हँडल टॉर्क रेंच असेल तरच. स्टेमच्या तोंडावरच्या पट्टीवर आकडा छापलेला असतो, बहुतेक ५ न्यूटन मीटरच्या आसपास. हँडल बनवणाऱ्याने कमी आकडा दिला असेल तर कमी तो पाळायचा. चारही बोल्ट थोडे थोडे, तिरक्या जोडीने आवळायचे, म्हणजे वरची आणि खालची फट सारखी राहते. (वरची फट मुद्दाम पूर्ण बंद करायची अशी रचना असलेले स्टेमही आहेत, त्यांच्यावर तसं लिहिलेलं असतं.) ग्रीस लावू नका. कार्बनसाठी दाणेदार पेस्ट मिळते, तिच्यामुळे कमी टॉर्कमध्येही पकड येते.

हे मी इतकं ठासून सांगतो कारण माझ्या हातून कार्बनचं हँडल गेलंय. रेंच नव्हता, हाताच्या अंदाजाने आवळलं. सहा महिन्यांनी टेप बदलताना स्टेमच्या कडेलगत केसाएवढी रेघ दिसली. नखाने दाबली तर तिथे मऊ लागत होतं. ते सहा महिने मी त्या हँडलवर उतार उतरलो होतो. त्या दिवशी पहिली खरेदी टॉर्क रेंचची केली.

स्टेमला हात लावताय तर फोर्कच्या हेडसेटचंही (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगचं) ऐका. वरच्या टोपीचा बोल्ट स्टेमला धरून ठेवायला नसतो. तो फक्त बेअरिंगवर नेमका दाब आणतो. आधी स्टेमचे बाजूचे बोल्ट सैल, मग टोपीचा बोल्ट हलकेच, मग स्टेम चाकाच्या रेषेत, मग बाजूचे बोल्ट टॉर्कने. पुढचा ब्रेक दाबून गाडी मागेपुढे हलवा. टक-टक लागली तर दाब कमी आहे. चाक उचलून हँडल फिरवल्यावर जड जात असेल तर जास्त आहे. या कामाची तपासणी अंगणातच होते, म्हणून घरी करायला हरकत नाही.

बाकड्यामागे

ब्लीडिंगबद्दल. आधी पॅड बघा. घासायचा थर अर्ध्या मिलिमीटरवर आला असेल तर तेलाआधी पॅड बदला.

ब्लीडिंग करायचंच असेल तर तुमच्या ब्रेकमध्ये कुठलं तेल आहे ते लिव्हरवर किंवा कॅलिपरवर वाचा. शिमानोला मिनरल ऑइल. स्रॅमच्या बऱ्याच रोड ब्रेकांना डॉट फ्लुइड. एकाचं तेल दुसऱ्यात गेलं तर आतली रबरी सीलं खराब होतात आणि सगळा ब्रेक बदलावा लागतो. दोन्ही पद्धतींत पॅड आधी काढून लांब ठेवायचे, डिस्क असलेलं चाक तर खोलीबाहेरच. पॅडमध्ये तेल मुरलं की ते पुसून जात नाही. डॉट रंगाला आणि कातडीलाही लागू नये.

पहिल्यांदा करताय तर दुकानात द्या आणि उभं राहून बघायची परवानगी मागा. मी बाकड्यावर असताना कोणी असं विचारलं की मला बरं वाटायचं.

सरळ चाक

चाकांचं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. चाकाचा थोडा आउट (रिमचं डावी-उजवीकडे डुलणं) घरी काढता येतो. चाक सरळ करायचा ट्रूइंग स्टँड नसला तरी चालतं. रिम ब्रेक असेल तर ब्रेकचे शूच माप देतात. डिस्क असेल तर फोर्कला झिप टाय बांधा आणि त्याचं कापलेलं टोक रिमच्या अगदी जवळ आणा. चाक फिरवा, कुठे घासतं तिथे खडूने खूण करा. रिम उजवीकडे सरकली असेल तर त्या जागचा डावा स्पोक पाव फेरा आवळा आणि शेजारचा उजवा पाव फेरा सैल करा. बस, मग पुन्हा फिरवून बघा. घाई करणाऱ्याचं चाक आठाच्या आकाराचं होतं.

निपल (रिमपाशी स्पोक आवळायचा छोटा नट) फिरवताना स्पोक स्वतःही थोडा पिळला जातो. म्हणून किंचित पुढे नेऊन तेवढंच मागे आणायचं, नाहीतर पहिल्याच राईडला पीळ सुटतो आणि टणटण आवाज करत आउट परत येतो. मागच्या चाकात कॅसेटच्या बाजूचे स्पोक दुसऱ्या बाजूपेक्षा बरेच ताठ असतात, ते तसेच असायला हवेत. दोन्ही बाजू सारख्या करायला गेलात तर रिम मध्यातून सरकेल.

आणि रिम ब्रेकवाल्यांनी रिमची झीज बघितलीच पाहिजे. ब्रेक जिथे घासतो तिथे अनेक रिमांना खाच किंवा बारीक खड्डा असतो. तो दिसेनासा झाला, किंवा पट्टी लावल्यावर ती जागा आत खोलगट लागली, तर रिम संपली. पातळ झालेली रिम टायरच्या हवेच्या दाबाने फाटते. स्पोक पुन्हा पुन्हा तुटत असतील किंवा रिमला ठोका बसून ती वर-खाली उडत असेल तर मात्र चाक बांधणाऱ्याकडेच न्या.

पहाटफेरी

बाकड्यामागे, तुमचा संशय खरा निघाला. हूड वर केलं तर डोक्यालगत तीन तारा तुटून बाहेर आलेल्या, उरलेल्याही उसवलेल्या. पण मग मी एक चूक केली. आत अजून काय दिसतंय ते बघायला गिअर एकदा वर टाकला, आणि कट्ट. वायर तुटली. लांब तुकडा डिरेलरच्या बाजूने बाहेर आला, पण डोकं आणि बोटभर तुकडा लिव्हरच्या आतच आहे. पकडीने ओढून बघू का? फार हळहळ वाटतेय.

बाकड्यामागे

हळहळू नका. ती वायर आज ना उद्या तुटणारच होती, आणि रस्त्याऐवजी घरात तुटली.

पकड आत घालू नका. लहान लिव्हर दाबत राहा, टिच-टिच संपेपर्यंत, म्हणजे यंत्रणा सगळ्यांत लहान कॉगच्या जागी येईल. तिथेच डोकं भोकासमोर येतं. टॉर्चने डोकं दिसलं तर मागून बारीक टोच्याने हलकेच ढकला. दिसत नसेल, किंवा सुटलेल्या तारा आतल्या दात्यांत गुंतल्या असतील, तर मोठी लिव्हर एकदाही दाबू नका. प्रत्येक दाबासरशी तारा आणखी आत ओढल्या जातात. तशीच दुकानात न्या. आतले भाग सुटे करायचे नसतात, आणि तारा काढायला सवयीचा हात लागतो.

नवी वायर घेताना आउटरही नवा घ्या. गिअरचा आणि ब्रेकचा आउटर बाहेरून सारखे दिसतात, पण आतून वेगळे असतात. गिअरच्या आउटरमध्ये तारा लांबीने सरळ असतात म्हणून तो दबत नाही. ब्रेकच्या आउटरमध्ये पट्टी गोल गुंडाळलेली असते. गिअरचा आउटर ब्रेकला कधीही लावू नका, जोरात ब्रेक दाबल्यावर तो फुटू शकतो. कापायला वायर कटरच वापरा, टोक चपटं झालं तर आतली नळी सुईने पुन्हा गोल करा.

पहाटफेरी

डोकं दिसत नव्हतं, तारा गुंतल्या होत्या. लिव्हर न दाबता गाडी दुकानात नेली आणि आधीच विचारलं की फक्त तुकडा काढून द्याल का, वायर मी घालते, पण तुम्ही काढताना मला बघू द्या. लगेच हो म्हणाले. वीस मिनिटं लागली. एकेक तार चिमट्याने सोडवून काढली त्यांनी.

वायर आणि आउटर घरी घातले. सीटपोस्टला दोरी बांधून मागचं चाक अधांतरी ठेवलं. अ‍ॅडजस्टर पूर्ण आत, चेन सगळ्यांत लहान कॉगवर, वायर हाताने ताणून बोल्ट आवळला. मग एक टिच, आणि चेन चढेपर्यंत पाव-पाव फेरा उघडत गेले. दीड तास लागला. लहान सहा कॉगवर आता आवाज नाही. पण मोठ्या तीन-चार कॉगवर बारीक खडखड आहेच. ती घालवायला ताण वाढवला की लहान कॉग बिघडतात. लिमिट स्क्रूंना हात लावलेला नाही.

बाकड्यामागे

स्क्रू सोडलेत ते उत्तम केलंत. एका अर्ध्यात नीट आणि दुसऱ्या अर्ध्यात खडखड, आणि ताणाने दोन्ही जमत नाही, हे वाकलेल्या हँगरचं लक्षण आहे. हँगर म्हणजे डिरेलर ज्यावर लटकतो तो अ‍ॅल्युमिनियमचा छोटा तुकडा. तो मुद्दाम मऊ बनवतात, म्हणजे आपटल्यावर फ्रेमऐवजी तो वाकेल. गाडी कधी उजव्या अंगावर पडली होती का? उभी असताना कलंडली तरी पुरे.

मागून डोळ्याच्या रेषेत बघा. डिरेलरची दोन छोटी चाकं कॉगच्या समांतर आहेत की खालचं चाक स्पोककडे झुकलंय? हे सरळ करायला मापाचा दांडा लागतो. डिरेलर काढून तो त्या जागी बसवतात आणि रिमपासूनचं अंतर चार बाजूंनी मोजतात. वर्षातून एखाद्या वेळेला लागणारं हत्यार आहे, विकत घेऊ नका. दुकानात द्या.

जुनी चेन

ताई, दीड तासात पहिल्यांदा वायर घालून सहा कॉग शांत केलेत हे मला फार आवडलं. माझ्या गाडीची वायर तीन वर्षं कोणी बघितलेली नाही. आज हूड उचलून बघतो.

पहाटफेरी

गाडी पडल्याचं आठवत नव्हतं. मग आठवलं, गेल्या महिन्यात भिंतीला टेकवलेली घसरली होती, उजवीकडेच. खालचं चाक खरंच झुकलेलं होतं. दुकानात दांडा लावून सरळ केला. खालच्या बाजूने चार मिलिमीटरचा फरक होता.

आता अकराही कॉग शांत आहेत. वायर घातल्याची तारीख कागदी टेपवर लिहून सीटच्या खाली चिकटवली आहे. आज टेपखालचा आउटर नीट बसवून हँडलला नवी टेप गुंडाळायची आहे. गुंडाळायला सुरुवात हँडलच्या खालच्या टोकाकडून करायची ना?

तेलकट फडकं

हो, खालच्या टोकाकडून वर. म्हणजे हात पुढे-मागे सरकताना टेपची कड उलटत नाही. आउटर हँडलला कागदी टेपने तीन जागी आधी पक्का करा. आणि लिव्हरमागून जाताना एक छोटा तुकडा वेगळा कापून ठेवा, नाहीतर तिथे फट राहते.